कुंपणावरचं एस्टिमेट

"ऐकलंस का गं? बसस्टँडामागच्या मास्तरांचं काम परत थांबलं. स्लॅबच्या सळया नुसत्या उघड्या पडल्यात, गंज चढतोय."

काकूंची बातमी नेहमी मेंदीच्या कुंपणावरून येते. हातात मेथीची जुडी असतेच, म्हणजे कुणी पाहिलं तर भाजी निवडणं चाललंय असं वाटावं. आमच्या गल्लीत मराठी घरं उरलीत ती बोटांवर मोजण्याइतकी. पवारांच्या धार संस्थानात चाकरीला आलेली, मग शेतीवाडीत रुजलेली. पोरं इंदूर-पुण्याला गेली, तेव्हा मराठीतून मनसोक्त चहाड्या करायच्या तर काकू आणि मी, दोघीच.

"ठेकेदार पळून गेला म्हणे," मी म्हटलं.

"पळतोय कशाला! आमच्या पुतण्यानं परवा त्याला पीथमपूरला पाहिलाय. दोन मजली काम धरलंय तिथे. मास्तरांनी निम्मे पैसे आधीच मोजले ना, आता इकडे यायची त्याला घाई काय? मास्तरांच्या पैशातून त्यानं मागच्या गिऱ्हाइकाची सिमेंटची उधारी फेडली. आता पीथमपूरवाल्याची उचल आली की मास्तरांचा स्लॅब पडेल. पुढच्याच्या उचलीवर मागच्याचं काम सरकतं, अशी ती गाडी असते."

"म्हणजे लबाडच की."

"लबाड कसला, भांडवल नाही बिचाऱ्याकडे. सेंट्रिंगच्या पाट्या भाड्याच्या, मिक्सर भाड्याचा. हाटाच्या दिवशी मजुराच्या हातावर रोख ठेवावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. चुकले ते मास्तर. जन्मभर एका पोराला पेपर लिहायच्या आधी मार्क दिले नाहीत, आणि ठेकेदाराला मात्र आधीच शंभरातले पन्नास देऊन बसले."

आमचंही काम निघालंय, हे काकूंना आमच्या ह्यांच्याही आधी कळलं होतं. पुढच्या दोन खोल्यांवरचे कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा, आणि मागच्या दारी असलेलं न्हाणीघर घरात घ्यायचं. ठेकेदारानं वहीच्या पानावर दर लिहून दिला होता. तो कागद मी कुंपणावरून पुढे केला. काकूंनी चष्मा नाकावर घेतला, मेथी बाजूला ठेवली आणि उलटतपासणी सुरू केली.

"हे मटेरियलसकट की नुसती मजुरी?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय? नुसता आकडा! अगं, मजुरीवर दिलंस तर रेती-सिमेंटसाठी वणवण तुमच्या ह्यांनी करायची, पण गोणी कुठल्या कंपनीची आली हे तरी डोळ्यांना दिसतं. मटेरियलसकट दिलंस तर डोक्याचा ताप वाचतो, पण बीमला 12 मिलिमीटरची सळई ठरली आणि 10 ची पडली, तर ओळखणार कोण? बरं, फूट कसे मोजणार? खोलीच्या आतून की स्लॅबच्या बाहेरच्या काठानं? छज्जा धरलाय? जिना? गच्चीचा कठडा? नळाची आणि विजेची पाइपं स्लॅबच्या आधी टाकायची असतात, ती कुणाकडे? मलबा कोण उचलणार?"

"एवढं विचारलं तर तो म्हणेल विश्वास नाही."

"म्हणू दे. आणि सगळ्यात मोठं विचारायचं राहिलंच. कवेलूंखालचे सागाचे वासे कुणाचे? तुझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचं लाकूड आहे ते. त्या माणसानं दर एवढा कमी का लावलाय, कळलं का आता? त्याचा डोळा वाशांवर आहे."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर आधी ते हसले, मग उठून टॉर्च घेऊन वासे मोजायला गेले.

काकूंचं एक वाक्य ठरलेलं आहे: पैसा कामाच्या मागे चालला पाहिजे, पुढे नाही. उचल द्यायची ती दहा टक्क्यांच्या आत, हत्यारं-माणसं आणण्यापुरती. मग जोतं झालं की एक हप्ता, लिंटेलपर्यंत भिंत आली की दुसरा, स्लॅब पडला की तिसरा, मग प्लास्टर, मग फरशी. आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा गळतीशिवाय पार पडल्यावर. "सरकारसुद्धा ठेकेदाराची अनामत अडकवून ठेवतं. रस्ता वर्षभरात उखडला तर त्यानंच बुजवायचा. आपण काय सरकारपेक्षा श्रीमंत आहोत?"

रेतीची पहिली ट्रॉली आली त्या दिवशी तर काकू चक्क कुंपण ओलांडून आल्या. इकडे घरं बांधतात ती नर्मदेच्या रेतीनं. धरमपुरी-खलघाटकडून ती घाट चढून वर येते, आणि पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असल्यामुळे जूनच्या तोंडावर तिचा भाव चढतो. ट्रॉलीवाला म्हणाला, दीडशे फूट माल आहे. काकूंनी पदरातून टेप काढला.

"भैया, जरा थांब. लांबी बघ गं. 10 फूट. रुंदी 6. फळीची उंची 2. किती झाले?"

"120."

"वरती ढीग आहे ना, भाभीजी," ट्रॉलीवाला म्हणाला.

"ढीग मधे आहे, कडेला फळीच्या चार बोटं खाली आहे. ते मोजून-वजा करून तुझं-माझं फिट्टं. आता बादली आण."

बादलीत काकूंनी ती ओलसर रेती काठोकाठ भरून हातानं सपाट केली. मग ती घमेल्यात ओतली, बादलीत अर्धं पाणी घेतलं आणि तीच रेती थोडी थोडी पाण्यात सोडत ढवळली. रेती बसली तेव्हा बादलीच्या काठापासून तळहातभर जागा रिकामी होती. काकू ट्रॉलीवाल्याकडे बघत म्हणाल्या, "ओली रेती फुगते, बाबा. दाण्यादाण्यांमधे पाणी अडकतं आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात. पाव हिश्शापर्यंत फुगते. तू आम्हाला हवा विकतोस."

ट्रॉलीवाला पहिल्यांदा चिडला, मग त्याला हसू आलं. भाव कमी केला नाही, पण दुसरी ट्रॉली आणली ती कोरडी आणि ढीग कडेपर्यंत रचून आणली. हा फुगवटा नुसता पैशांचा नाही, हेही काकूंनी तिथेच मिस्त्रीला ऐकवलं. घमेल्यानं मोजून माल कालवायचा असेल तर ओल्या रेतीची तीन घमेली म्हणजे प्रत्यक्षात अडीचच. आणि रेतीत पाणी आधीच असतं, वरून मिस्त्री मिश्रण सरसर वाहावं म्हणून बादल्या ओततो. 50 किलोच्या गोणीला रेतीतलं धरून 25 ते 27 लिटर पाणी पुरे. त्याहून जास्त घातलं की काम सोपं, स्लॅब कच्चा. उरलेली रेती एका काचेच्या पेल्यात मिठाच्या पाण्यात ढवळून ठेवली. सकाळी वर गाळाचा थर दिसला, तो पट्टीनं मोजला. शंभरात आठपेक्षा जास्त निघाला असता तर ट्रॉली परत, असं काकूंनी रात्रीच जाहीर केलं होतं. निघाला त्याच्या निम्मा. काकू जरा हिरमुसल्याच.

"काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुझ्या काकांनी. पुरातत्त्व खात्यात अख्खी नोकरी मांडूला झाली त्यांची. घरी आले की दुसरा विषय नसे. चुना किती मुरवला, दगड कुठला, पाणी कुठून झिरपतं. आणि नालछ्यात राहून हे नाही कळायचं तर कुठे? हे गावच दुरुस्त्या बघत आलंय."

मग काकूंची गाडी मांडूकडे वळली. इथून मांडू जवळच, आणि काकूंच्या तोंडी तर ते शेजारच्या वाड्यासारखं. "जहांगीर बादशहाला मांडूला यायचं होतं. स्वारी अजमेरहून निघणार. पण मांडूतले सुलतानांचे महाल ओस पडलेले. त्यानं काय केलं? अब्दुल करीम नावाचा बांधकामातला जाणता माणूस पुढे पाठवला. जुने महाल दुरुस्त कर, काही नवीन उठव. मार्च 1617 ला बादशहा गड चढला, तेव्हा राहायची जागा तयार. खर्च तीन लाख रुपये, बादशहानं स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. आणि बघ, त्या अब्दुल करीमला मामूर खान ही पदवी मिळाली ती काम पाहिल्यावर. आधी नाही! पदवीसुद्धा कामाच्या मागे चालली."

"बादशहाला काय, काम नाही झालं तर मुंडकं उडवता येतं."

"ते खरं. पण मुंडकं उडवून छत गळायचं थांबत नाही. आणि नालछ्याचंही त्यानं भरभरून कौतुक केलंय बरं का, पावसाळ्यातल्या हिरवळीचं. तेव्हा रस्ता असा नव्हता, हे मात्र लक्षात ठेव."

"मग मांडूत पडलंय ते?"

"अशर्फी महाल. जामी मशिदीसमोरचा. महमूद खिलजीनं चितोडच्या राण्यावरचा विजय मिरवायला सात मजली मनोरा उभारला, 1443 च्या सुमाराला. आज त्याचा बुंधा तेवढा शिल्लक आहे. काका म्हणायचे, घाईत उठवलं. पाया, भरण, जोड, सगळ्याला वेळ लागतो आणि मिरवायचं असलं की माणसाला वेळ नसतो. त्याच्याच पलीकडे होशंगशाहची कबर बघ. संगमरवरी, अजून खणखणीत. तिच्या दाराशी एक लेख आहे. 1659 मधे शहाजहानच्या पदरचे चार कारागीर मुद्दाम ती कबर बघायला आले, त्यात ताजमहालाशी ज्याचं नाव जोडतात त्या उस्ताद अहमदचा मुलगा लुत्फुल्ला होता. आपलं नाव कोरून गेले. दोनशे वर्षांपूर्वीचं दुसऱ्याचं काम बघायला एवढ्या लांब येणारा ठेकेदार तुला आज मिळाला तर डोळे मिटून काम दे. आमचा तो मिस्त्री तर स्वतःनं गेल्या वर्षी बांधलेलं घर दाखव म्हटलं तरी रस्ता बदलतो."

ही मात्र मला पटण्यासारखी कसोटी वाटली. ह्यांना मी सांगितलं, कागद बाजूला ठेवा, आधी त्यानं दोन पावसाळे जुनं केलेलं एखादं घर बघून या. गच्चीवर चढा, न्हाणीघराच्या मागची भिंत बघा, घरातल्या बाईला विचारा. नव्या रंगाचं घर दाखवलं तर उपयोग नाही.

"आणि माल्कमसाहेब?" मी खडा टाकला. काकूंचा तो आवडता किस्सा.

"हो तर! सर जॉन माल्कम 1818 नंतर माळव्याचा कारभार बघायला लागला आणि उन्हाळ्यात राहायला त्याला इथे नालछ्यातला एक जुना महाल आवडला. साफसफाईला माणसं आत गेली तर एका खोलीतून वाघीण निघाली, बछड्यांसकट, असं सांगतात. आता बोल! तुझ्या ठेकेदारानं जास्तीचं काम म्हणून वाघीण लावली असती बिलात."

काकूंचं माहेर देवासचं, थोरल्या पातीच्या हद्दीतलं. तिकडचा विषय आला की आवाज जरा खाली येतो, घरच्या भानगडी सांगाव्यात तसा. "आमच्या तुकोजीराव महाराजांचा नवा राजवाडा माहितेय ना? ई. एम. फॉर्स्टर म्हणून इंग्रज कादंबरीकार 1921 साली महाराजांचा सेक्रेटरी म्हणून आला होता. राजवाड्याचं काम तेव्हाही चालूच. आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेला भाग पडायला लागलेला! त्यानं 1953 च्या देवासवरच्या पुस्तकात हे सगळं लिहून टाकलं. महाराज स्वभावानं फार गोड माणूस, म्हणून लिहिलंय बरं का त्यानं प्रेमानं. पण गोड माणसाचं घर कधी पुरं होत नाही. आज हे बदला, उद्या ते वाढवा, पैसे नंतर बघू. शेवटी संस्थान कर्जात बुडालं, 1933 मधे महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि 1937 ला तिकडेच वारले."

"म्हणजे यात ठेकेदाराचा दोष नाही?"

"मालकानं दर महिन्याला नकाशा बदलला तर ठेकेदार काय करणार? माझा पुतण्याही हेच काम करतो, त्याचं ऐकते ना मी. एका घरी बाईंनी ओट्याची फरशी तीनदा बदलली. आधी काळी, मग लाल, मग म्हणे कोटाच बरा. काढघालीची मजुरी मागितली तर म्हणाल्या, एवढ्यासाठी पैसे? तेव्हा त्यानं काय केलं असेल? प्लास्टरमधे सिमेंट मारलं. गिऱ्हाइकानं वरून पिळलं की तो आतून पिळतो. म्हणून बदल करायचाच तर आधी भाव लिहून घे, मग हात लाव म्हण."

मधेच काम थांबलं ते फेब्रुवारीच्या शेवटी. मजूर सगळे भिल्ल-भिलाला वस्त्यांतले, आणि होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भगोरिया. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी, जिथे जिथे हाट तिथे तिथे ढोल-मांदळ आणि तरण्या पोरापोरींची झुंबड. या दिवसांत कामावर कोण येईल? आमचा ठेकेदार आधीच हात जोडून उभा. ह्यांनी आवाज चढवायच्या आत काकू कुंपणावरून म्हणाल्या, "दिवाळीला तुम्ही ऑफिसात बसला होता का हो? भगोरिया, गव्हाची कापणी, पावसात सोयाबीनची पेरणी आणि दसऱ्याच्या आसपास तिची काढणी, हे सगळं कॅलेंडरात आधी मांडायचं आणि मग ठेका द्यायचा. स्लॅब असा टाका की भगोरियाच्या आधी टेकू लागून, भिजत पडला असेल. तेवढे दिवस त्याला पाणी मारायला तुम्ही घरचे आहातच."

तसंच केलं. गच्चीवर मातीची लहान लहान आळी करून त्यात पाणी भरून ठेवलं. सात दिवस तरी पाणी हटू द्यायचं नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात चौदा दिवस भिजवलेलं बरं. खालचे टेकू, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान 7 दिवस आणि त्याहून लांब असला तर 14. पाट्यांचं भाडं वाचावं म्हणून ठेकेदाराला ते लवकर काढायची घाई असते. आमच्याही माणसानं पाचव्या दिवशी हळूच विचारलं होतं. मी वर बोट दाखवलं. वर काकू कुंपणापाशी स्टुलावर चढून टेकू मोजत होत्या.

खरी कटकट निघाली ती पायाची. न्हाणीघराचा नवा भाग काळ्या मातीवर येत होता. माळव्याची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेली हलकी भिंतसुद्धा वर्षात एकदा उचलली जाते आणि एकदा बसते. ठेकेदार म्हणाला, दोन फूट पुरे. ह्यांनी सुरुंगवाल्याकडून पहार आणून खड्डा खणायला लावला, तेव्हा माती संपून कडक मुरूम लागला तो पाचव्या फुटाला. जास्तीच्या खोदाईचे पैसे ठेकेदारानं मागितले आणि ह्यांनी दिले. काकूंनीही हरकत घेतली नाही. "हे पैसे मातीत गेले असं म्हणू नकोस. घराचे पैसे मातीतच जावे लागतात, नाहीतर मग दर वर्षी भिंतीत जातात."

गळतीची परीक्षा पहिल्या जोरदार पावसानं घेतली आणि एका कोपऱ्यात ओल दिसली. ठेकेदाराला निरोप पाठवला. पाच टक्के अडकलेले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाई करून घेतली, पाण्याचा उतार परत पाहिला. पाऊस संपेपर्यंत परत काही दिसलं नाही. दसऱ्याला त्याला बोलावून उरलेले सगळे पैसे दिले. त्यानं मोजले, खिशात घातले आणि जरा घुटमळला.

"भाभीजी, हा सगळा हिशेब, जोत्याचा हप्ता, पावसाळ्याचे पाच टक्के, हे तुम्हाला शेजारच्या काकूंनी शिकवलं ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांच्या गच्चीचं काम मीच केलंय. पैसा कामाच्या मागे चालला पाहिजे, हे मलाही त्यांनी तेव्हाच शिकवलं. मागेच चाललाय अजून. तेवढं त्यांना सांगाल का, किती पावसाळे झाले?"

मी कुंपणाकडे बघितलं. काकूंना ऐकू गेलं होतं. कुंपणावरून त्यांना सगळंच ऐकू जातं.

"अरे, देणार आहे रे!" त्या तिकडून ओरडल्या. "पण तू आधी तो उत्तरेकडचा कोपरा बघून जा. ओल आहे की नुसता डाग, तेच मला अजून ठरवता आलेलं नाही."

"काकू," मी म्हटलं, "एवढे पावसाळे ठरत नाही म्हणजे ती ओल नव्हे. माणसाचे पैसे द्या."

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या पाकीट घेऊन. ठेकेदारानं ते उघडूनही पाहिलं नाही, सरळ शिडी मागितली आणि कोपरा बघायला वर चढला.